हीट पंपाच्या ‘सीओपी’ला कार्यक्षमता म्हणावं का?

समुद्रपूर तालुक्यातून विचारतोय. वायगाव हळद शिजवल्यावर हीट पंपानं वाळवली तर वीज किती लागेल, याचं सिम्युलेशन आमचा गट करतोय. बाष्पित्र (हवेतली उष्णता उचलणारा भाग) 20 अंश सेल्सिअस, संघनित्र (ती उष्णता सोडणारा भाग) 60 धरलंय. सीओपी, म्हणजे खर्चलेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळाली तो आकडा, 4.2 येतो. अहवाल मराठीत द्यायचाय. ‘कार्यक्षमता’ लिहिलं की ती 420 टक्के होते, आणि गटातले म्हणतात कोडच चुकला. कोडमधली सीओपीच्या कमाल मर्यादेची तपासणी तर 1.5 दाखवते. गडबड शब्दात आहे की कोडमध्ये?

— भाऊ, विहिरीवरची मोटार पाणी तयार नाही करत, खालचं वर आणते. ह्या पंपाचंबी तसंच. 1 किलोवॅट विजेवर हवेतली 3.2 किलोवॅट उष्णता उचलली, संघनित्रात 4.2 गेली. हिशेब जुळते. मंग कार्यक्षमता काहून म्हणता?

— दादांचं बरोबर आहे. कार्यक्षमता 1 च्या वर जात नाही, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. त्या शब्दामुळे विद्यार्थी बरोबर आलेलं उत्तर खोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. ‘कार्यगुणांक’ लिहा, पण नुसता नको, ‘तापन कार्यगुणांक’. थंड करण्यासाठी तोच पंप मोजला तर 3.2 येईल, तो ‘शीतन कार्यगुणांक’. दोघांत बरोबर 1 चा फरक असतो. कोडमध्ये भागाकाराला कुठली उष्णता घेतली, हे नावावरूनच कळायला हवं.

आता ते 1.5. मर्यादा म्हणजे संघनित्राचं तापमान भागिले दोन्ही तापमानांतला फरक. तुम्ही 60 भागिले 40 केलंय, म्हणजे तापमान सेल्सिअसमध्येच राहिलं. सूत्राला केल्विन (सेल्सिअस अधिक 273) लागतं: 333 भागिले 40, सुमारे 8.3. त्याला ‘कार्नो मर्यादा’ म्हणा. फ्रेंच अभियंता सादी कार्नोनं 1824 मध्ये हा विचार मांडला. 4.2 तिच्या निम्म्यावर आहे, म्हणजे पटण्यासारखा. 9 आला असता तर मीही कोडच उघडायला सांगितला असता.

— केल्विन केल्यावर तपासणी जुळली. धन्यवाद सर, धन्यवाद दादा. ‘सुपरहीट’ला काय लिहू?

— अतितापन. बाष्पित्रातून निघणारी वाफ त्या दाबाच्या उत्कलनबिंदूपेक्षा किती अंश वर आहे, तो आकडा. तुमच्या तक्त्यात तो शून्य दिसला, तर कॉम्प्रेसरमध्ये द्रव शिरत असू शकतो. तो रकाना आधी पाहा.