प्रायमरीचे दिवस: घरात, मंडळात, मतदान केंद्रावर. तुमचे अनुभव सांगा

अमेरिकेत नोव्हेंबरातल्या मोठ्या निवडणुकीत माणसं आधीच आपापल्या बाजूला बसलेली असतात. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, भांडण होतं ते आपल्याच पक्षातल्या, आपल्याच टेबलावर जेवणाऱ्या माणसांशी, आणि ते जिव्हारी लागतं. मला हे कळलं २००८ साली, डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा समोरासमोर होते तेव्हा.

न्यू जर्सीने त्या वर्षी प्रायमरी जूनवरून ५ फेब्रुवारीला, सुपर ट्यूसडेला, म्हणजे अनेक राज्यं एकदम मतदान करतात त्या मंगळवारी, आणली होती. त्याच्या आधीच्या शनिवारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तीसेक जणी आल्या होत्या. वाण म्हणून मी भारतातून स्टीलच्या छोट्या डब्या आणून ठेवल्या होत्या. तिळगूळ देताना कुणीतरी सहज विचारलं, "मग मंगळवारी कुणाला?" त्यानंतर दीड तास दुसरा विषय निघाला नाही. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या वहिनी म्हणाल्या, "पस्तीस वर्षं नोकरी केली. माझ्याहून कमी अनुभवाचा पुरुष दरवेळी पुढे जाताना पाहिला. आता हिलरींच्या बाबतीत मी गप्प बसणार नाही." समोरची नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी होती. तिला मत नव्हतं, पण मतं पक्की होती. ती म्हणाली, "मावशी, इराकच्या युद्धाला त्यांनी २००२ मध्ये होकार दिला, ते कसं विसरायचं?" दोघींच्या हातातली वडी हातातच राहिली.

मी हिलरींच्या बाजूची, नवरा ओबामांच्या. ओबामांच्या प्रचारातल्या मंडळींनी २००७ च्या जूनमध्ये पत्रकारांना एक टिपण दिलं होतं, त्यात हिलरींचा उल्लेख 'डेमोक्रॅट, पंजाब' असा होता (सिनेटरच्या नावापुढे पक्ष आणि राज्य लिहायची इथे रीत आहे). भारतीयांशी जवळीक हा जणू गुन्हाच. ओबामांनी पुढे ती चूक मान्य केली, नवरा मला ते रोज सांगायचा, पण माझ्या मनातून ते टिपण जाईना. मंगळवारी सकाळी एकाच गाडीने शाळेत गेलो आणि एकामागून एक विरुद्ध मतं देऊन आलो. न्यू जर्सी हिलरींनी जिंकलं, तरी डेमोक्रॅटिक पक्षात डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मतांच्या प्रमाणात वाटले जात असल्यामुळे त्याचंही मत वाया गेलं नाही.

आपल्याकडे तिकीट कुणाला मिळालं हे पेपरात वाचून कळतं. यादी वरून येते. इथे ती यादी करायला माझा हात लागला, हे मला आजही फार मोलाचं वाटतं. तुमच्या राज्यात काय घडलं? पक्ष कुठलाही असो, मनापासून लिहा.

आयोवा

मी तेव्हा एमएस करत होतो. मत नव्हतं, पण आयोवात कॉकस, म्हणजे मतपेटीऐवजी सभेत जमून उमेदवाराची पसंती सांगणं, बघायला कुणालाही जाता यायचं, बाजूला बसायचं एवढंच. ३ जानेवारी २००८, गुरुवार, संध्याकाळचे सात. प्राथमिक शाळेची जिम, दाराशी बर्फाने ओल्या झालेल्या बुटांचा ढीग. भिंतींवर नावांचे कागद चिकटवलेले: ओबामा, एडवर्ड्स, क्लिंटन, रिचर्डसन, बायडन. ज्याला जो उमेदवार हवा त्याने त्या कागदाखाली जाऊन उभं राहायचं. गुप्त मतदान नाही. शेजारी, साहेब, मुलांच्या बाई, सगळ्यांना दिसतं तुम्ही कुठे उभे आहात ते.

मग डोकी मोजायचे. बहुतेक केंद्रांवर १५ टक्के माणसं जमली नाहीत तर तो गट बाद. आमच्या खोलीत २१२ जण होते, म्हणजे निदान ३२ हवेत. बायडन यांच्या कागदाखाली १९ उभे. आता या १९ जणांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी. आणि इथे खरी गंमत सुरू झाली. चारी बाजूंनी लोक त्यांच्याकडे आले. त्यात एक सत्तरीचे शेतकरी होते, जॅकेटवर बायडन यांचा गोल स्टिकर. एडवर्ड्सवाले त्यांना कारखाने बंद पडल्याचं सांगत होते. दुसऱ्या बाजूने त्यांची नात आली. वय सतरा, पण नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असेल तर कॉकसमध्ये भाग घेता येतो. ती ओबामांच्या गटातली. ती काही बोलली नाही, नुसती आजोबांजवळ उभी राहिली. त्यांनी तिला विचारलं, "तुझ्या वर्गातली किती मुलं परदेशात लढायला गेलीत?" तिने दोन नावं सांगितली. आजोबांनी स्टिकर काढला, तळहातावर चिकटवला आणि जिम ओलांडून तिच्या कागदाखाली गेले.

मी सांगली जिल्ह्यातला. आमच्या ग्रामसभेत रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात आणि सभा झाली असं लिहिलं जातं. त्या रात्री दोनशे माणसं एकमेकांच्या तोंडावर, आवाज न चढवता बोलताना पाहिली आणि मला रडू आलं. बायडन यांनी त्याच रात्री माघार घेतली. दहा महिन्यांनी तेच उपाध्यक्ष म्हणून निवडून आले.

पण दुसरी बाजूही सांगतो. माझी घरमालकीण नर्स, त्या दिवशी रात्रपाळी. सातला हजर नाही म्हणजे मत नाही. हा अन्याय होता असंच मला वाटतं. २०२० मध्ये निकाल गोळा करणारं ॲप कोलमडलं, त्या रात्री विजेता जाहीरच होऊ शकला नाही, आणि २०२४ ला डेमोक्रॅट्सनी देशात सगळ्यांत आधी कौल देण्याचा आयोवाचा मान काढून घेतला, पसंती पोस्टाने घेतली. नर्सबाईंना मत मिळालं. ती जिम मात्र गेली.

ह्यूस्टन

बाबा साताऱ्याहून आले होते. ४ मार्च २००८. सकाळी मी मत दिलं आणि संध्याकाळी परत निघालो. बाबा म्हणाले, "अरे, दोनदा मतदान?" टेक्सासमध्ये डेमोक्रॅट्सची तेव्हा हीच पद्धत, टू-स्टेप म्हणायचे. दिवसा प्रायमरी, आणि मतदान संपल्यावर सव्वासातला त्याच केंद्रावर कॉकस. १९३ डेलिगेटांपैकी १२६ मतांवर, ६७ कॉकसवर. शाळेच्या कॅफेटेरियात एवढी गर्दी की सह्यांचे कागद संपले. लोक वहीची पानं फाडून नावं लिहू लागले. बाबा आयुष्यभर निवडणूक ड्युटी केलेले शिक्षक, त्यांचा जीव वरखाली होत होता. त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन एका बाईंना दिलं आणि ओळी आखून कशा लिहायच्या ते मोडक्या इंग्रजीत समजावलं.

निकाल आला तेव्हा त्यांना हिशेब पटेना. मतं हिलरींना जास्त, त्यांचे डेलिगेट ६५ विरुद्ध ६१. कॉकसमध्ये ओबामा ३८, हिलरी २९. बेरीज केली तर ओबामा ९९, हिलरी ९४. "जास्त लोकांनी जिला मत दिलं ती मागे कशी?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही मला वाटतं, बाबा बरोबर होते. पक्षाने पुढे ही दुहेरी पद्धत मोडीत काढली.

फिलाडेल्फियाजवळून

मला लिहायचंय ते आपल्याच लोकांबद्दल. २००८ चा मार्च. पेनसिल्व्हेनियात फक्त पक्षात नोंद असलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत असतं. मी नुकतीच सिटिझन झाले होते, पहिलीच नोंदणी. एका पॉटलकला सगळ्यांना आदर वाटतो असे एक काका ओबामांविषयी, खरं तर त्यांच्या रंगाविषयी, असं काही बोलले की ते मी इथे लिहू शकत नाही. आणि आम्ही वीस जण पुरणपोळीवर तूप घालत राहिलो. मीसुद्धा.

१८ मार्चला ओबामांचं वंशाच्या प्रश्नावरचं भाषण झालं, आमच्याच शहरात. मी ते ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रेडिओवर ऐकलं, मीटिंग चुकवून. घरी जाऊन काकांना फोन केला. म्हटलं, "काका, तुम्ही १९७१ ला इथे आलात ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या मताचं रक्षण करणारा कायदा झाला. ज्यांनी मार खाऊन हे दार उघडलं, त्यातूनच आपण आत आलो." ते बराच वेळ गप्प होते. "तू मत कुणालाही दे," म्हणाले आणि फोन ठेवला. मी मत हिलरींनाच दिलं, आरोग्यविम्याच्या योजनेसाठी. काकांना फोन केल्याचा पश्चात्ताप कधीच झाला नाही. पॉटलकला तेव्हाच बोलले नाही, याचा होतो.

न्यू यॉर्क, क्वीन्स

थोडक्यात. मी कुठल्याच पक्षात नोंद नसलेला. डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरींविरुद्ध उभे असलेल्या बर्नी सँडर्स यांच्यासाठी २०१६ च्या हिवाळ्यात दारोदार फिरलो, आणि १९ एप्रिलच्या प्रायमरीत मला मत नव्हतं. पक्ष बदलायची मुदत होती ९ ऑक्टोबर २०१५. सहा महिन्यांहून आधी! ज्यांची दारं वाजवली त्यांनी मत दिलं, मी बाहेर फुटपाथवर उभा. पुढे ती मुदत बदलून फेब्रुवारीपर्यंत आणली. नव्याने आलेल्यांना कळकळीने सांगतो, आपल्या राज्याचा नियम आधी वाचा.

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर

मी रिपब्लिकन विचारांचा आहे. मंडळात हे बोलायला मला बारा वर्षं लागली. छोटा व्यवसाय आहे, चौदा माणसांचे पगार करतो, सरकारने खर्च आवरावा आणि कर कमी ठेवावेत असं मला मनापासून वाटतं. हे म्हटलं की ज्या नजरेने लोक बघतात ती बरी नव्हे.

आमच्या राज्याने पहिल्या प्रायमरीचा मान कायद्यानेच राखलाय आणि तो लोक घरच्या गणपतीसारखा सांभाळतात. कुठल्याही पक्षात नोंद नसलेल्यांना इथे दोन्हीपैकी एक मतपत्रिका मागता येते, आणि मत देऊन निघताना दारातच फॉर्म भरून पक्षाची नोंद काढून पुन्हा मोकळं होता येतं. २००० मध्ये मॅककेन यांनी इथे शंभरावर सभा घेतल्या आणि बुश यांना हरवलं. त्यातल्या एका सभेला मी होतो. एका म्हाताऱ्या सैनिकाने त्यांना कडक शब्दांत उलट प्रश्न विचारला, आणि त्यांनी तो पुरता ऐकून घेतला. मला या पक्षाशी बांधलं ते त्या संध्याकाळने.

२३ जानेवारी २०२४ ला मी ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या, भारतीय वंशाच्या निक्की हेली यांना मत दिलं. भारतीय नाव म्हणून नव्हे, युक्रेन आणि कर्जावर त्या स्पष्ट बोलत होत्या म्हणून. मध्यरात्रीच मतदान उरकणाऱ्या डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीची सहाच्या सहा मतं त्यांना पडली तेव्हा मुलाने मला झोपेतून उठवलं. दिवसाअखेर ट्रम्प ५४ टक्के, हेली ४३. माझा सख्खा मेहुणा ट्रम्प यांच्या बाजूचा. त्याच्याशी झालेलं बोलणं मात्र मंडळातल्या सगळ्या वादांपेक्षा कठीण गेलं, कारण तो मला "तू आता आपला राहिला नाहीस" असं म्हणाला.

मिशिगन

२००८ मध्ये आमच्या राज्याने पक्षाचा नियम मोडून फार लवकर, १५ जानेवारीला मतदान घेतलं, म्हणून डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर ओबामा आणि एडवर्ड्स यांची नावंच नव्हती. मी 'अनकमिटेड'ला, म्हणजे कुणाच्याच बाजूचं नाही या पर्यायाला, मत दिलं, ४० टक्के लोकांनी तेच केलं. ३१ मेच्या पक्षबैठकीत आमच्या डेलिगेटांना अर्धं-अर्धं मत दिलं गेलं. अर्ध्या मताचा नागरिक म्हणजे काय, ते तेव्हा समजलं.

आणि प्रायमरी फक्त अध्यक्षांची नसते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ ला गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले तेव्हा मराठी घरांत जे वाद झाले तसे मी कधी पाहिले नाहीत. मी त्यांच्या प्रतिस्पर्धी ग्रेचेन व्हिटमर यांना मत दिलं. चुलतभाऊ दोन आठवडे बोलत नव्हता. ठाणेदार तिसरे आले, २०२२ ला डेट्रॉईटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेले, आणि त्या प्रायमरीत आम्ही दोघंही त्यांच्याच बाजूला होतो.

सॅन होजे

२०२० ला डेमोक्रॅटिक प्रायमरीत माझ्या उमेदवार कमला हॅरिस. एकही मत पडण्याआधी, ३ डिसेंबर २०१९ ला, त्यांनी माघार घेतली. मग मी दुसरे उमेदवार पीट बुटिजज यांच्याकडे वळले. पोस्टाची मतपत्रिका भरली, पाकिटावर सही केली आणि ३ मार्चच्या प्रायमरीच्या आठवडाभर आधी पेटीत टाकली. १ मार्चला, रविवारी, त्यांनीही माघार घेतली. लेक सतरा वर्षांची, आणखी एक उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांच्या बाजूची, कॅलिफोर्नियात तिला मत नाही. ती म्हणाली, "आई, तुझ्याकडे मत होतं आणि तू घाई केलीस." रागाने नाही, काकुळतीने म्हणाली. आता शेवटच्या दिवसापर्यंत थांबते. दोघी मिळून केंद्रावर जातो.

न्यू जर्सी (मीच, पुन्हा)

सगळ्यांचं वाचलं. फिलाडेल्फियाच्या ताईंचं दोनदा वाचलं.

हळदीकुंकवाच्या त्या वहिनींचं राहून गेलं. २०१६ ला आमची प्रायमरी पुन्हा जूनमध्ये गेली होती. ६ जूनच्या रात्री बातमी आली की हिलरींना लागणारे डेलिगेट पूर्ण झाले, आणि ७ ला आमचं मतदान. वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी फोनवर म्हटलं, "वहिनी, ठरलंय सगळं, नका त्रास घेऊ." त्या म्हणाल्या, "नऊला ये, मी तयार असेन." वॉकर घेऊन शाळेच्या दारापासून जिमपर्यंत जायला आम्हाला वीस मिनिटं लागली. मत देऊन बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या, पर्स उघडली आणि गोळी काढली. गोळ्या माझ्या २००८ च्या वाणाच्या डबीत होत्या.