आल्मा थॉमस यांना आफ्रोफ्यूचरिस्ट म्हणावे का?

कुंचलेवाला:
अमेरिकन अमूर्त चित्रकार आल्मा थॉमस (१८९१–१९७८) यांची अंतराळचित्रे हल्ली आफ्रोफ्यूचरिझमच्या, म्हणजे विज्ञान आणि भविष्याच्या कल्पनांतून कृष्णवर्णीयांनी स्वतःची नवी ओळख घडवण्याच्या, परंपरेत ठेवली जातात आणि मला ते रास्त वाटते. जॉर्जियातील कोलंबस येथे कातडीच्या रंगामुळे जिला सार्वजनिक ग्रंथालय बंद होते, तिने ऐंशीच्या उंबरठ्यावर अपोलो मोहिमा रंगवल्या. १९७२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एकल प्रदर्शनाचा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होती.

तिरकस रेघ:
मला हे मान्य नाही. ‘आफ्रोफ्यूचरिझम’ हा शब्दच समीक्षक मार्क डेरी यांनी १९९०च्या दशकात रूढ केला, आणि थॉमस यांनी तर ‘कृष्णवर्णीय चित्रकार’ हे बिरूदही नाकारून आपण फक्त चित्रकार आहोत, अमेरिकन आहोत, असे सांगितले होते. त्यांच्यावर प्रभाव होता तो कान्दिन्स्की आणि मातीस या युरोपीय चित्रकारांचा, आणि घराच्या खिडकीबाहेरील हॉलीच्या झाडाचा. नंतरच्या समीक्षकांना सोयीची वाटते म्हणून ही पाटी त्यांच्या गळ्यात कशाला?

नभोवाणी:
काळ विसरू नका. जुलै १९६९मध्ये अपोलो ११च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ अ‍ॅबरनॅथी खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीच्या उड्डाणतळावर धडकले होते. माणसे उपाशी असताना चंद्रावर खर्च का, हा त्यांचा सवाल होता. अशा वातावरणात एका कृष्णवर्णीय स्त्रीने त्याच मोहिमांचा उत्सव रंगवावा, हे मला तटस्थ सौंदर्यशोधन वाटत नाही.

तिरकस रेघ:
उलट, मला यातून एवढेच दिसते की त्या समकालीन कृष्णवर्णीय राजकारणापासून अंतर राखून होत्या. शिवाय त्यांच्या ‘मार्स डस्ट’ (मंगळावरची धूळ, १९७२) या चित्राचे शीर्षक झाका. लाल रंगाच्या तुटक फटकाऱ्यांमधून खालचा गडद थर डोकावतो, आणि त्यांच्या फुलबागांच्या चित्रांतही कुंचला असाच चालतो. मग अंतराळ उरते कुठे?

कुंचलेवाला:
अंतर राखून होत्या म्हणता, पण नागरी हक्कांसाठीच्या १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चात त्या स्वतः चालल्या होत्या आणि त्यावर त्यांनी चित्रही काढले. फुलबागेचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे, कारण ती फुले त्यांनी विमानातून खाली पाहावे तशी कल्पिलेली आहेत. त्यांची बागच मुळी वरून पाहिलेली असेल, तर मंगळासाठी त्यांनी वेगळा कुंचला का शोधावा?