जूनमधे आयोवाला पेटी घेऊन जायचंय, काय आणि किती वाजवू?

पेटीवाला कुडाळ
नमस्कार मंडळी. मी कुडाळजवळ राहतो, भजनाला पेटीची साथ करतो आणि थोडं नाट्यसंगीत. मावसबहीण अमेरिकेत आयोवा राज्यात डेकोरा म्हणून छोटं गाव आहे तिकडे असते, तिच्या ओळखीतनं तिथल्या पार्कात आणि लायब्ररीत दोनतीन कार्यक्रम ठरतायत. इकडे तेव्हा पाऊस, दशावतार बंद, भजनाच्या सामन्यांच्या डबलबाऱ्या नाहीत, भातलावणीचं भाऊ बघतो म्हणालाय, म्हणजे रान मोकळं, फक्त गणपतीआधी घरी पोचायचं. आज इथे उद्या तिथे असली टूर नकोय मला, नदीकाठी बसायचं, मधेच कधीतरी वाजवायचं. बहीण म्हणते लोकांनी पेटी बघितलेलीच नाही, अर्धा तास वाजव बास झालं. अर्ध्या तासात माझा हात पण गरम होत नाही ओ! शिवाय थोडं मानधन देणारेत, ते घेतलं तर व्हिसाचं लफडं होतं का?

राजापूरकर
आधी व्हिसा, बाकी सगळं नंतर. पैसे घेऊन वाजवायचं तर टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका. पारंपरिक कला सादर करणाऱ्यांसाठी पी-3 व्हिसा असतो आणि त्याचा आय-129 अर्ज तिकडच्या आयोजकाने भरायचा असतो, तुम्ही नाही. तबलजी नेणार असाल तर त्याचे कागद वेगळे. 'मग मानधन नको' म्हटलं की सुटलो असंही धरू नका, आयोजकांना सांगा वकिलाला विचारा. आणि हे आत्ता सुरू करा, शिमगा झाल्यावर नाही. आंबे बॅगेत टाकू नका, एअरपोर्टवर काढून घेतात, उगाच हापूसचा जीव जायचा.

आयोवातला मालवणी
येवा, आयोवा आपलाच आसा 😄 डेकोराला आम्ही दरवर्षी जातो. अप्पर आयोवा नदी आहे, लोक टायरच्या ट्यूबवर बसून तासन् तास नुसते वाहत जातात, तुम्हाला हवा तसला निवांतपणा तिकडे फुकट मिळतो. फक्त गाडीशिवाय काही नाही, शिकागोहून रस्त्याने पाचेक तास.

पार्कातला कार्यक्रम म्हणजे लोक घरनं घडीच्या खुर्च्या आणतात, पोरं गवतात पळत असतात, कुत्री पण असतात. त्यांना हसू नका, ह्या राज्यात 1921 मधे बँडचा कायदा झाला होता, गावाने मतदान करून स्वतःच्या बँडसाठी कर लावून घ्यायचा! उन्हाळ्यात संध्याकाळी पार्कात जाऊन बसून ऐकायची सवय जुनी आहे, म्हणजे श्रोते कच्चे नाहीत, फक्त आपलं संगीत त्यांना नवीन. पाचसहा मिनिटांचे तुकडे करा, मधे दोन वाक्यं बोला. आणि साडेसातला संध्याकाळचा राग म्हणून यमन काढाल तेव्हा ऊन चांगलं असेल, जूनमधे सूर्य पावणेनऊच्या सुमारास बुडतो, मग वेळेचं शास्त्र तुम्ही आणि तुमचे गुरुजी बघून घ्या.

हवेचं म्हणाल तर मक्याच्या शेतांमुळे जुलैत दमट असतं, आपल्यासारखंच. पण हॉलमधे एसी कोरडा ठणठणीत, बाहेरनं आत आलात की तबल्याचा सूर लगेच चढतो, साथीदाराला सांगून ठेवा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा 120 व्होल्टवर चालतो का बघा नाहीतर मोबाईलवरचा वापरा.

भैरवीनंतर
बहिणीला सांगा 'पेटी बघितली नाही' हे अर्धंच खरं आहे. अमेरिकेतल्या खेड्यांत घराघरात नि छोट्या चर्चमधे पायाने भाता मारायचे रीड ऑर्गन असायचे, आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन त्याच घराण्यातला. फरक एवढाच की त्यांच्यात हवा आत ओढली जाते, आपल्या पेटीत बाहेर ढकलली जाते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला पेटीची मागची बाजू उघडून भाता दाखवा, म्हाताऱ्या मंडळींपैकी कोणीतरी नक्की म्हणेल आमच्या आजीकडे होता असला. मग अर्धा तास कोणी मोजत बसत नाही.

आणि डेकोराहून जवळच स्पिलव्हिल आहे, चेक लोकांचं खेडं. संगीतकार ड्वोरझाक न्यूयॉर्कमधे कंझर्व्हेटरीचे म्हणजे संगीत विद्यालयाचे डायरेक्टर होते, 1893 चा उन्हाळा त्यांनी तिथे बायकापोरांसकट काढला. आले विश्रांतीला, पण बाराव्या स्ट्रिंग क्वार्टेटचं (चार तंतुवाद्यांची रचना) काम त्याच जूनमधे झालं, वर चर्चमधे ऑर्गन वाजवायचे ते वेगळंच. ते राहिले त्या घरात आता घड्याळांचं म्युझियम आहे, ते चुकवू नका.

आयोवातला मालवणी
हो ते लाकडात कोरलेल्या घड्याळांचं! बायको तिथनं हलतच नाही. पण भाऊ, भाता उघडायची आयडिया भारी असली तरी मी म्हणतो पंचेचाळीस मिनिटांवर जाऊ नका, डास येतात 😬

पेटीवाला कुडाळ
डासांचं मला सांगताय होय! ठीक आहे, पंचेचाळीस मिनिटं. बहिणीला मघाशीच व्हिसाचं पाठवलं, ती लायब्ररीवाल्यांशी बोलत्ये. आता पेटीचं सांगा, माझी स्केलचेंजर आहे, म्हणजे पट्टी बदलता येणारी जड पेटी, केससकट विमानातल्या बॅगेच्या 23 किलोत बसेल असं वाटत नाही.

राजापूरकर
स्केलचेंजर घरीच ठेवा हो. कोणाची तरी साधी छोटी पेटी मागून घ्या, भाता पट्ट्याने बांधून हार्ड केसमधे. भजन मंडळात कोणाकडे नाही का?

पेटीवाला कुडाळ
आहे एकाकडे, पण तो म्हणेल मला पण न्या.