प्रतिसाद: दर वेळी चेकडिस्क सुरू होतंय

विंडोज ७ चा पीसी दर वेळी सुरू होताना डिस्क तपासतो (हेच चेकडिस्क) आणि १० टक्क्यांवर अडकतो, असं तुम्ही वर लिहिलंय. लगेच फॉरमॅट मारायचा वरचा सल्ला मला पटला नाही. आधी फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. मरणाऱ्या डिस्कवर 'आर'वालं चेकडिस्क (chkdsk या आज्ञेला /r जोडून) चालवणं म्हणजे आजाऱ्याला पर्वती चढायला लावणं. ते डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे बारीक तुकडा, वाचतं, त्यामुळे तासन्‌तास लागतात. नुसतं 'एफ' (/f) फक्त फाइल सिस्टीम, म्हणजे फाइल कुठे आहेत याची नोंद, दुरुस्त करतं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'करंट पेंडिंग' आणि 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' (संशयास्पद आणि बदललेल्या खराब सेक्टरांचे आकडे) बघा. आकडे वाढत असतील तर डिस्कचा नाद सोडा. शून्य असतील तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदला. सदाशिव पेठेतल्या आमच्या पीसीचं दुखणं तेवढंच निघालं! (त्याआधी दुकानदाराने नवी डिस्क गळ्यात मारलीच होती.) केबल पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळापाशी मिळेल.

लाइट जाऊन पीसी धाडकन बंद होतो का? तसं असेल तर विंडोज ड्राइव्हवर 'डर्टी' खूण ठेवतं, म्हणून पुढच्या वेळी तपासणी होते. मागच्या तपासणीचा निकाल इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत, अ‍ॅप्लिकेशनखाली 'विनइनिट' नावाने सापडेल. तो इथे टाका, बघू.