आतल्या रस्त्यांना गूगल पुरत नाही

वर एकांनी लिहिलंय की गूगल मॅप्सवर दुचाकीचा पर्याय लावला की सायकलला तेवढं बास. पन्हाळ्याच्या डांबरी रस्त्याला पुरेल हो, तिथं चुकायला आहेच काय! पण तो पर्याय इंजिनची गाडी धरून वेळ आणि वाट काढतो, चढाशी त्याला देणंघेणं नाही.

आतल्या गावांतून जायचं तर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारी ॲप बघा. ऑरगॅनिक मॅप्स फुकट आहे. नकाशा आधी उतरवून ठेवला की गगनबावड्याकडं रेंज गेली तरी अडत नाही, आणि सायकलचा मार्ग टाकला की चढउताराचा आलेखही दिसतो. घरी बसून मार्ग आखायला बीराउटर ही वेबसाइट बरी: रेघ हवी तिथं ओढून वळवायची, आखलेल्या मार्गाची जीपीएक्स फाइल काढून फोनमध्ये टाकायची.

मात्र हा ओपनस्ट्रीटमॅप लोकांनीच भरलेला. आपल्याकडं कित्येक रस्ते डांबरी की मातीचे याची नोंदच नाही, मग ॲपला उसातली पाणंद (शेतातली कच्ची वाट) आणि चांगला रस्ता सारखाच. शंका आली की उपग्रहचित्र मोठं करून बघायचं. पाणंद असेल तर ट्रॅक्टरच्या चाकोरीच्या दोन रेघा आणि मध्ये गवताची पट्टी दिसते. पावसाळ्यात तिथली काळी माती मडगार्डात अशी बसते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यायची वेळ येते.

आणि पंचगंगा पात्राबाहेर पडली असेल तर ॲपच्या भरवशावर निघूच नका. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीकडचा रस्ता चालू आहे का, हे तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा.