नेटलहॅम : दस्तऐवज आधी, यंत्र नंतर
इंग्लंडमधल्या नेटलहॅम गावात लिंकनच्या बिशपांचा (चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूंचा) जुना वाडा होता. त्याबद्दल 'कुरणात नुसते उंचवटे उरलेत, खणल्याशिवाय काही कळणार नाही' असं कोणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. लिंकनजवळच्या नेटलहॅममध्ये वर काही उभं नाही हे खरं, पण लिंकनच्या बिशपांच्या नोंदवह्या शिल्लक आहेत. त्यांतल्या बऱ्याच पत्रांखाली ते कुठून लिहिलं ते असतं. ती ठिकाणं तारखेनुसार मांडली की बिशप या वाड्यात कधी मुक्कामाला होते ते दिसतं. तारखा मात्र जपून वाचा. चर्चच्या हिशेबात वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड १३०१च्या फेब्रुवारीत इकडे होता तो काळ त्या वह्यांत १३०० म्हणून सापडतो. निम्मे घोळ इथेच होतात.

मग जमिनीकडे वळा. सरकारी लायडार (विमानातून लेझरने केलेलं जमिनीच्या उंचीचं मापन) फुकट मिळतो, त्यावर उंचवटे आणि खड्डे स्पष्ट दिसतात. चुनखडीच्या भिंतींसाठी चुंबकीय मापनापेक्षा विद्युतरोध मापन (जमिनीत सळ्या रोवून माती विजेला किती अडवते ते मोजणं) बरं. सळ्यांत अर्धा मीटर अंतर ठेवलं तर साधारण पाऊण मीटर खोलपर्यंतचं कळतं. गोची अशी, की दगड काढून नेलेल्या भिंतीचा चर मातीने भरला असेल तर रोध वाढण्याऐवजी कमी दिसतो आणि भिंतीच्या जागी खंदक वाटतो. शिवाय जागा संरक्षित आहे. प्राचीन वास्तूंबद्दलच्या १९७९च्या ब्रिटिश कायद्याच्या ४२व्या कलमानुसार मेटल डिटेक्टरलाच नव्हे, या मापनालाही आधी लेखी परवाना लागतो. जमीनमालकाची संमती वेगळी.