पत्नीचे बोन मॅरो प्रत्यारोपण तीन आठवड्यांवर आले आहे. सोबत राहणाऱ्याने काय करावे?

प्रश्न

माझ्या पत्नीला पाच महिन्यांपूर्वी अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचे, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे, निदान झाले. केमोच्या पहिल्या फेरीत सात दिवस सायटॅराबिन आणि त्यांपैकी तीन दिवस डॉनोरुबिसिन दिल्यावर हाडांतील मज्जेतील ब्लास्ट (अपक्व) पेशी पाच टक्क्यांच्या खाली आल्या, म्हणजे रेमिशन मिळाले, आजार आटोक्यात आला. परंतु तिच्या पेशींतील जनुकीय बदल पाहता केवळ केमोवर विसंबलो तर आजार उलटण्याचा धोका मोठा आहे, असे डॉक्टरांचे मत पडले. दाता निवडताना पेशींवरच्या ज्या खुणा जुळवतात ते एचएलए सख्ख्या भावंडाचे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तिच्या धाकट्या भावाचे जुळले, तेव्हा मला रडू आवरले नाही.

ती मात्र त्या दिवसापासून फारसे बोलत नाही. मी "सगळे नीट होईल" असे म्हणालो की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते. प्रत्यारोपणाच्या काळात चोवीस तास सोबत मी एकटाच असणार आहे. रोज मी नेमके काय करायचे, आणि तिच्याशी काय बोलायचे, हे ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

पहिले उत्तर

माझ्या पतींचे प्रत्यारोपण होऊन चार वर्षे झाली. सर्वप्रथम एक जाड वही घ्या. ताप, वजन, किती पाणी पोटात गेले, किती वेळा उलटी झाली, कोणती गोळी किती वाजता दिली, हे सारे तारीखवार लिहीत जा. डॉक्टरांचा राउंड पाच-सात मिनिटांत उरकतो आणि त्या वेळी रात्री जागलेल्या माणसाला काहीही आठवत नाही. वही असली की आठवण्याचा ताण उरत नाही.

प्रत्यारोपणाच्या दिवसाला शून्य धरून पुढचे दिवस मोजतात. तो दिवस शस्त्रक्रियेसारखा असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात रक्त चढवतात तशी एक पिशवी स्टँडला लावली आणि थोड्याच वेळात ती रिकामी झाली. कठीण दिवस त्यानंतर आले. आधीच्या जोरदार केमोने जुनी मज्जा संपवलेली असते आणि नवीन पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे मधल्या काळात काउंट, म्हणजे रक्तातील पेशींचे आकडे, जवळजवळ शून्यावर असतात. यांच्या तोंडात आणि घशात इतके फोड आले होते की स्वतःची थुंकीही गिळवत नसे. सहाव्या दिवशी मी चमच्याने पाणी देत होते. तिसऱ्या चमच्याला त्यांनी माझे मनगट धरून ठेवले आणि आम्ही तसेच बराच वेळ बसून राहिलो. त्या आठवड्यात खाण्याचा आग्रह करू नका. गरज भासल्यास शिरेतून पोषण देतात.

न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिले की पेशी रुजल्या असे धरतात. तो आकडा येईपर्यंत रोज सकाळी रिपोर्टची वाट पाहणे हीच दिवसाची मोठी गोष्ट असते, आणि एखाद्या दिवशी आकडा खाली आला म्हणून घाबरून जाऊ नका, तो वरखाली होतो.

दुसरे उत्तर

मी प्रत्यारोपण कक्षात परिचारिका म्हणून काम करते. घरी सोडल्यानंतरच्या काळाविषयी लिहिते, कारण चुका बहुधा तेथे होतात.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट झाला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी त्याच क्षणी रुग्णालयाला फोन करावा. स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल देऊ नये. त्याने ताप झाकला जातो, संसर्ग तसाच वाढतो. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे) चालू असेल, तर रक्तातील पातळी तपासण्याच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची असते. ही एक गोष्ट विसरल्याने आकडा चुकीचा येतो आणि डोस विनाकारण बदलला जाण्याचा धोका असतो.

दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करणे याला जीव्हीएचडी म्हणतात. तळहात, तळपाय, कान किंवा छातीवर लाल पुरळ, पातळ जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा, यांपैकी काहीही दिसले तरी पुढच्या तपासणीची वाट न पाहता कळवावे. ही लक्षणे सर्वांत आधी सोबतच्या माणसाच्या नजरेस पडतात. स्टेरॉइड सुरू झाले की चिडचिड वाढते, झोप उडते. ते बोलणे औषधाचे असते, ते मनाला लावून घेऊ नये.

आणि तुम्ही स्वतः आजारी पडलात, तर तिच्याजवळ थांबता येणार नाही. आठवड्यातून दोन रात्री तरी दुसऱ्या कोणाला बसवून तुम्ही पुरेशी झोप घ्या. याची व्यवस्था आताच करा, कारण तेव्हा शोधाशोध करायला ताकद उरणार नाही.

तिसरे उत्तर

मी स्वतः रुग्ण होते. माझी दाता माझी बहीण होती आणि आता माझा रक्तगटही तिचाच झाला आहे. तुमच्या पत्नीच्या मनात काय आहे हे मी कसे सांगणार, पण माझ्या मनात एकच गोष्ट घोळत असे: बहिणीने एवढे दिले आणि तरीही मी वाचले नाही तर तिला काय वाटेल? हे मी कोणालाच सांगितले नाही, कारण मी तोंड उघडताच सगळे जण मला धीर देऊ लागत. एकदा पती म्हणाले, "मलाही भीती वाटते." त्या रात्री मी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले. तेव्हा "नीट होईल" हे वाक्य थोडे दिवस बाजूला ठेवून पाहा.

प्रश्नकर्ता

आपण तिघींनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. वही आजच घेतली. काल रात्री दिवा मालवल्यावर मी तिला म्हणालो की मलाही भीती वाटते. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग तिने विचारले, "पेशी देण्याआधी भावाला ती इंजेक्शने घेताना त्रास होईल का रे?" मला उत्तर माहीत नव्हते. आज सकाळी आम्ही दोघांनी मिळून त्याला फोन केला.